बॅटरी लो, टेन्शन हाय!

मोबाइलवर बॅटरी ३२ टक्के दिसत होती. हे आधीच क्लिअर करते. कारण ज्याला ज्याला हा किस्सा सांगितला, त्याने पहिला डायलॉग हाच मारला, 'अगं, पण चार्ज करून जायचं ना!' बॉस, चार्ज करूनच गेले होते. सकाळी घरातून निघताना शंभर टक्के!

स्थळ लालबागची एक चाळ, दुसरा मजला. समोर ८१ वर्षांचे आजोबा. १९८२चा संप झाला तेव्हा गिरणीत, साचेखात्यात होते. पहिला अर्धा तास त्यांनी मला तेच ऐकवलं, जे माझ्याआधी येऊन गेलेल्या दहा पत्रकारांना ऐकवलं असणार. डॉ. दत्ता सामंत, मोर्चे, मालक, बंद झालेला भोंगा. मग आजींनी चहा आणून ठेवला, आजोबांनी तो बशीत ओतला आणि गाडी अचानक वेगळ्याच रुळावर गेली. संप लांबला तेव्हा एकदा ते आजींच्या पाटल्या घेऊन पेढीवर गेले होते. दारापर्यंत पोचले, पण आत काही जाववेना. तिथून चालत चालत गिरगाव चौपाटीवर गेले, रात्रभर तिथेच बसले आणि सकाळी पाटल्या तशाच परत घेऊन आले. 'हिला सांगितलं, पेढी बंद होती.' आजी आतल्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आजोबा थांबले नाहीत. त्या रात्री चौपाटीवर डोक्यात काय काय येऊन गेलं, ते सगळं बोलत राहिले.

माझ्या अंगावर काटा. चहा आला तेव्हा स्क्रीन बघितला होता, ३२ टक्के, रेकॉर्डिंग चालू. त्या भरवशावर मी पेन बाजूला ठेवून नुसती ऐकत बसले. शेवटी स्टुलावरचा फोन उचलला तर काळाठिक्कर. घरी येऊन चालू केला. फाइल होती, पण शून्य केबीची. असा पोपट आयुष्यात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादर गाठलं. स्टेशनजवळ एक दुकान आहे, दुकान कसलं, जिन्याखालची फळीच. तिथल्या दादाने फोन हातात घेतला, कव्हर काढलं, काचेच्या काउंटरवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. फोन डुगडुगला.

"ताई, बॅटरी फुगलीय. रात्री कुठे ठेवता?"

"उशीजवळ."

"चार्जिंगला लावून?"

"हो."

"कव्हरसकट?"

डेंटिस्टने 'रात्री ब्रश करता का?' असं विचारल्यावर आपला जो चेहरा होतो, तो माझा झाला. फोन जेमतेम सव्वादोन वर्षांचा. मी तर त्याला जिवापाड जपत होते. रोज रात्री शंभर टक्के होईपर्यंत चार्जिंग, आणि दिवसभरात लाल बत्ती लागल्याशिवाय चार्जरला हात लावायचा नाही. हे संस्कार बाबांचे. 'पूर्ण उतरल्याशिवाय लावायचा नाही, आणि लावला की भरल्याशिवाय काढायचा नाही.' घरात पहिला नोकिया ११०० आला तेव्हा बाबांनी तो आठ तास चार्जिंगला लावला होता. कोणी हात लावायचा नाही, फोन घ्यायचा नाही. सोवळ्यातच होता तो!

गंमत म्हणजे हा सगळा फंडा त्याच्याही आधीच्या जमान्यातला आहे. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये, वॉकी-टॉकीमध्ये निकेल-कॅडमियम बॅटऱ्या असायच्या. त्या अर्धवट उतरवून परत परत चार्ज केल्या की तेवढंच 'लक्षात' ठेवायच्या, म्हणून पूर्ण उतरवाव्या लागायच्या. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि हा प्रॉब्लेमच संपला. बाबांच्या ११०० मधली ती फेमस बीएल-५सी बॅटरीसुद्धा लिथियम-आयनच होती. (२००७ साली नोकियाने यातल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत इशारा दिला होता आणि घरोघरी लोक फोनची पाठ उघडून नंबर तपासत बसले होते. मी तेव्हा शाळेत होते, पण बाबांचं ते भिंगातून बघणं पक्कं आठवतंय.) म्हणजे बॅटरी नवीन आली, सवय मात्र जुनीच राहिली. बाबांकडून ती माझ्याकडे आली. तुमच्याकडेही कोणाकडून तरी आलीच असेल.

मग मी पत्रकारासारखी कामाला लागले. दादाला भंडावलं, एका इंजिनीअर मित्राचं डोकं खाल्लं, रात्री दोनपर्यंत वाचत बसले. त्यातून समजलेला बेसिक फंडा असा.

बॅटरीच्या आत दोन टोकं असतात. एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूचं ऑक्साइड. लिथियमचे आयन म्हणजे आपण, लोकलवाले. चार्जिंग चालू झालं की सगळे ग्राफाइटच्या डब्यात शिरतात, फोन वापरायला लागलो की उलटे परत जातात. डबा रिकामा असतो तेव्हा शिरायला काय लागतं? धडाधड शिरतात, म्हणून पहिले पन्नास-साठ टक्के पटकन होतात. ८०च्या आसपास डोंबिवलीला सकाळी जी अवस्था असते ती होते. जागा नाही, दारात लटकलेले. म्हणून तिथून पुढे चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केला जातो. शेवटचे वीस टक्के ताटकळवतात ते यामुळे.

आता खरी गोम. बॅटरी ठासून भरलेली असते तेव्हा आतलं व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं. त्या प्रेशरखाली आतला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ज्या द्रवातून हे आयन ये-जा करतात तो, हळूहळू बिघडतो. त्याचा थर टोकांवर साचतो, काही आयन त्यात कायमचे अडकतात आणि परत येतच नाहीत. जितके अडकले तितकी बॅटरी कमी. हे थोडंफार रोज होतंच, ते कोणाला टळलेलं नाही. पण बॅटरी गरम असेल तर ते झपाट्याने होतं. बिघडता बिघडता गॅस तयार होतो, तो जाणार कुठे? म्हणून पाकीट फुगतं. माझ्या फोनचं हेच झालं होतं.

बॅटरी युनिव्हर्सिटी या नावाने कॅनडातले तज्ज्ञ या विषयावर लिहितात. त्यांच्या आकड्यांनी माझी झोप उडाली. बॅटरी शंभर टक्के भरून ४० अंशांत वर्षभर नुसती ठेवली, वापरली नाही, फक्त ठेवली, तर वर्षाअखेर तिची मूळ ताकद ६५ टक्क्यांच्या आसपास उरते. तीच बॅटरी ४० टक्के भरून २५ अंशांत ठेवली तर ९६ टक्के. एकच बॅटरी, एकच वर्ष! आता माझी उशी आठवा. जाड कव्हर, खाली गादी, वर अर्धी चादर, फास्ट चार्जर. दीडेक तासात शंभर टक्के आणि त्यानंतर सकाळपर्यंत तशीच भरलेली, उबेत. सव्वादोन वर्षं रोज रात्री.

यात एक गैरसमज आहे तोही सांगते. रात्रभर लावला म्हणजे फोन 'ओव्हरचार्ज' होऊन फुटतो, असं नाही. फोनमधलं सर्किट भरल्यावर चार्जिंग थांबवतं. सॅमसंगचा नोट ७ पेटला होता २०१६ साली, पण तो बॅटऱ्यांमधल्याच दोषाने. रात्रभर लावण्यात तोटा आहे तो आयुष्याचा. पण फोन अंथरुणात, उशीखाली ठेवून चार्ज करणं मात्र खरंच धोक्याचं. उष्णता बाहेर पडायला वाटच नसते. एवढी एक सवय आज रात्रीच सोडा.

आणि ते ३२ टक्के? ते होते कुठे? तर टक्के म्हणजे मीटरचं रीडिंग नसतं, फोनने बांधलेला अंदाज असतो. किती करंट आत आला, किती गेला, व्होल्टेज किती आहे, यावरून. म्हाताऱ्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. रेकॉर्डिंग चालू, मधेच कोणाचा तरी कॉल, स्क्रीन पेटला, की एकदम जास्त करंट ओढला जातो, व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. २०१७ साली अ‍ॅपलने जुने आयफोन मुद्दाम स्लो केल्याचं कबूल केलं होतं, ते याच कारणाने. असं मधेच बंद पडू नये म्हणून. लोक भडकले ते न सांगता केलं म्हणून. भडकायलाच पाहिजे होतं.

बॅटरी बदलून घेतली. दादाने प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, माझ्याकडे आहे, पण ओरिजिनल पाहिजे तर कंपनीच्या सेंटरला जा." गेले. २४०० रुपये लागले. त्याआधी दोन दिवस मी २८ हजारांचा नवीन फोन ईएमआयवर बघत होते, हे इथे कबूल करून टाकते. प्रोसेसर ठणठणीत, कॅमेरा छान, स्क्रीनवर साधा ओरखडा नाही. फक्त बॅटरी थकली म्हणून आपण अख्खा फोन टाकायला निघतो. जुनी फुगलेली बॅटरी सेंटरवाल्यांनीच ठेवून घेतली. तुमची असेल तर ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नका आणि 'बघू काय आहे' म्हणून टोचू तर अजिबात नका.

नवीन बॅटरीबरोबर मी काय बदललं? सगळ्यात आधी चार्जिंगची वेळ. ऑफिसवाल्यांना तर हे सोपंच आहे. सकाळी आंघोळ-नाश्ता होईपर्यंत अर्धा तास, दुपारी डेस्कवर अर्धा तास. माझी चार्जिंगची वेळ आता वरण-भाताची वेळ. कुकर लावते तेव्हा फोन लावते. पूर्वी वाटायचं, दिवसातून दोनदा लावला तर 'सायकल' वाढतील. नाही वाढत. सायकल म्हणजे प्लग लावणं नव्हे, एकूण शंभर टक्के वापरणं. आज ६० टक्के वापरले, भरले, उद्या ४० वापरले, तेव्हा एक सायकल पूर्ण होते. उलट २० ते ८०च्या मधे खेळत राहिलेली बॅटरी शून्य-शंभर, शून्य-शंभर करणाऱ्या बॅटरीपेक्षा जास्त टिकते.

मग सेटिंग्ज. आयफोन १५ (२०२३) पासून पुढच्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्येही आहे. बाकीच्या अँड्रॉइडमध्ये कुठे 'ऑप्टिमाइज्ड', कुठे 'अ‍ॅडॅप्टिव्ह' अशा नावाने असतं. रात्री ८०वर थांबून तुमच्या उठण्याच्या वेळेच्या आधी उरलेलं भरायचं, अशी त्याची आयडिया. रात्रीच चार्ज करणं ज्यांना सोयीचं आहे त्यांनी हे चालू करावं, फोन टेबलावर ठेवावा, कव्हर जाड असेल तर काढावं आणि निवांत झोपावं.

निवांत हा शब्द मुद्दाम वापरला. माझ्या एका मित्राने हे ८०चं ऐकलं आणि अलार्मच लावायला सुरुवात केली. मीटिंगमध्ये अलार्म वाजला की हा धावत जाऊन चार्जर काढतो. अरे, बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण तिच्यासाठी नाही! गावाला निघालायत, दिवसभर शूट आहे, ट्रेकला चाललायत, तर बिनधास्त शंभर करा. भरली आणि लगेच वापरायला काढली तर फार बिघडत नाही. भरून, गरम, तासन् तास पडून राहणं हे वाईट. तसंच जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर साधारण अर्धा चार्ज करून, बंद करून ठेवा. शून्यावर ठेवलेला फोन सहा महिन्यांनी उघडाल तेव्हा कदाचित उठणारच नाही.

गरमीचा विषय मात्र मी सोडणार नाही. पुण्यातली माझी मैत्रीण कोथरूडहून हिंजवडीला स्कूटरने जाते. हँडलवर फोन, मॅप चालू, ब्राइटनेस फुल, खालून चार्जिंग, वरून मे महिन्याचं ऊन. एक दिवस फोननेच हात वर केले, 'टेम्परेचर' अशी वॉर्निंग देऊन चार्जिंग बंद. ती मला फोन करून चार्जर खराब निघाला म्हणून सांगत होती. चार्जर बिचारा चांगला होता. अ‍ॅपल तर स्वतःच सांगतं की ३५ अंशांच्या वर फोन वापरला तर बॅटरीची ताकद कायमची कमी होऊ शकते. आपल्याकडे मार्च ते जून हवाच तेवढी गरम असते, उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डची तर बातच सोडा. मैत्रिणीने आता रस्ता आधी बघून घ्यायला सुरुवात केलीय, कानात आवाज, फोन बॅगेत. रोजच्याच रस्त्याला मॅप का लागतो, हे मी तिला विचारलेलं नाही.

चार्जिंगला लावून गेम खेळणं, व्हिडीओ कॉल करणं, हॉटस्पॉट देणं, यातही तेच. दोन्हीकडून गरम. वायरलेस चार्जिंग दिसायला कूल, पण तिथे बरीच ऊर्जा उष्णतेतच जाते. फास्ट चार्जिंगला मी व्हिलन मानत नाही. घाईत वीस मिनिटांत निम्मी बॅटरी मिळते ती सोय सोडायची कशाला? पण घाई नसेल तेव्हा साधा चार्जर लावते. फोन हाताला गरम लागला की काढते, एवढाच नियम.

आणि ट्रेनमध्ये पन्नास रुपयांत मिळणारा चार्जर नको. आपल्याकडे चार्जर आणि पॉवर बँकेला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मागे बारीक अक्षरात इंग्रजी आर आणि पुढे नंबर असतो. तो नसेल तर घेऊ नका. मी माझ्या ड्रॉवरमधले चार चार्जर तपासले, दोघांवर काहीच नव्हतं.

एवढं करून बॅटरी किती टिकेल? आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेल्सना ५०० सायकलनंतर मूळच्या ८० टक्के ताकद, १५च्या सीरिजला १००० सायकलनंतर, असं अ‍ॅपल म्हणतं. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच झालाय, नवीन फोनच्या बॅटरीने ८०० सायकलनंतरही ८० टक्के ताकद राखली पाहिजे. रोज एक सायकल धरली तर दोन वर्षांच्या थोडी वर. पुढचं आपल्या उशीवर अवलंबून.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझा ११०० अजून चालतो." यावर काय बोलणार?

मागच्या रविवारी परत लालबागला गेले. फोन ७८ टक्के, बॅगेत पॉवर बँक, हातात वही. आजोबांना म्हटलं, "आजोबा, ते पाटल्यांचं परत एकदा सांगाल का?" ते म्हणाले, "सांगितलं की पोरी मागच्या वेळी. घेऊन गेलो, परत आणल्या." बस. दोन वाक्यं. मी दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून बघितलं. ती रात्र काही परत आली नाही.

उठणार तेवढ्यात आजी आतून म्हणाल्या, "पेढी बंद होती म्हणे! मला तेव्हाच समजलं होतं. पायाला वाळू होती यांच्या."

आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मी परत खाली बसले. फोन ७१वर होता, रेकॉर्डिंग चालू होतं. तरी मी वहीतही लिहून घेतलं.